टाकाला न दाखवलेली डिस्क

माघातल्या संकष्टीला चंद्र फार उशिरा उगवतो. त्यातून आमच्या कामशेतच्या गच्चीसमोर डोंगराची रांग आडवी येते, त्यामुळे पंचांगातली वेळ उलटून गेली तरी वाट बघणं संपत नाही. मोदकांवर ओलं फडकं टाकून ठेवलं होतं, अर्घ्याची तयारी झाली होती, आणि उपाशी पोटी मुलांची चिडचिड चालली होती. माझ्या चैतालीचा लॅपटॉप सकाळपासून अडकला होता. नवी सिस्टीम अर्धी चढली आणि थांबली ती थांबलीच. "यात भूत शिरलंय भूत," असं ती पुन्हा म्हणाली, तेव्हा इतका वेळ शाल गुंडाळून भिंतीला टेकलेल्या त्र्यंबकभावजींनी डोळे उघडले.

"रात्रीचा हा शब्द इतका सहज घेऊ नये गं," ते म्हणाले.

भावजी लोणावळ्याला टेलिफोन खात्यात होते. खांबांवर चढून तारा जोडण्यात त्यांचा जन्म गेला. उगाच घाबरवणारा माणूस नव्हे. देवाचा प्रसादसुद्धा आधी वास घेऊन मग तोंडात टाकतात. माझा भाचा विहंग कॉलेजात कॉम्प्युटरच शिकतो. तो हसला.

"काका, डिस्कमध्ये भूत नसतं. फार तर बॅड सेक्टर असतो, म्हणजे डिस्कचा खराब झालेला भाग."

"असेल बाबा. तू शिकलेला आहेस," भावजी म्हणाले. "मग एक ऐक, आणि शेवटी मला सांग तो कसला सेक्टर होता."

त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत इथं लिहिते आहे. मला ते दोन रात्री झोपू देत नव्हतं. लिहून ठेवलं की मनावरचं उतरतं म्हणतात, बघू.

*

वलवणचा निलेश तुम्ही पाहिलेला नाही. त्याचे वडील माझ्याबरोबर खात्यात होते. लोणावळ्याच्या बाजारात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगा हुशार, हाताचा स्वच्छ, आणि देवाधर्माच्या नावानं पूज्य. दुकानात गणपतीची तसबीर आहे ती वडिलांनी लावली म्हणून. हे सगळं त्यानं मला स्वतः सांगितलं, माझ्या ओट्यावर बसून. चहा निवून त्यावर साय धरली, तरी कपाला हात लावला नाही त्यानं.

गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या. शुक्रवार होता. आदल्याच दिवशी तुम्हा बायकांच्या शेवटच्या गुरुवारचं उद्यापन झालं होतं बघा, त्याच्या दुसऱ्या दिवशीची रात्र.

तुंगार्लीच्या तळ्याच्या वरच्या अंगाला कैलासचं घर आहे. पूर्वी तिथं भातखाचरं होती. आता त्याच जागेत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात. शनिवार-रविवार पुण्या-मुंबईची माणसं येतात, चुलीवरचं जेवतात, शेकोटीभोवती नाचतात आणि सोमवारी जातात. या खोल्यांचं सगळं बुकिंग एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं. त्या जुन्या सिस्टीमला अपडेट यायचे बंद झाले आणि बुकिंगचं पान उघडेनासं झालं. कैलासनं दुपारी निलेशला फोन केला.

"निलेशभाऊ, एक दुसरी डिस्क बसवा आन् तिच्यावर नवी सिस्टीम टाकून द्या. जुनी हाय तशी ऱ्हाऊ द्या आत. उद्या पावनं येणार हायेत, आज रातीत झालं पायजे."

"तासाभराचं काम आहे," निलेश म्हणाला. दुकान बंद करून, नवी डिस्क आणि पेन ड्राइव्ह पिशवीत टाकून तो निघाला. थंडी चांगलीच होती. तळ्यावर धुकं बसलेलं. घाईची काही गरज नव्हती म्हणून गाडीही त्यानं हळूच घातली चढावर.

फाटकाशेजारी एक लहानशी खोली, तेच त्यांचं ऑफिस. कैलास तिथं उभा होता, आणि त्याची बायको सारिका. पोरगी वर्षभरापूर्वीच लग्न होऊन आलेली, पवनानगरची. तिनं आधी चहा दिला आणि मग कॉम्प्युटर चालू करून दाखवला. पडदा निळा झाला, आणि त्यावर अक्षरं आली.

स्वागत, रतन.

"बघितलं, भाऊ?" सारिका म्हणाली. "रतन म्हंजे ह्यांची पहिली. ताप डोक्यात जाऊन वारली, तिला आता तीन पावसाळं झालं. ह्या खोल्या तिनंच सुरू केल्या, ह्यो कॉम्प्युटर तिनंच आणला. मला मान्य हाय. पण रोज सकाळी ह्यो मला रतन म्हणतोय. पावण्यांच्या पावतीखाली रतन. फोन उचलला की, रतनताई का? आत्याबाई, ह्यांची आई, हाक मारत्यात ती बी तीच." तिनं कैलासकडे पाहिलं. "मी ह्यांना सांगितलंय. ह्या घरात एक वस्तू माझ्या एकटीच्या नावाची दिसू द्या. एकच. न्हाई जमलं तर उद्या मी माहेरी जाते, ती परत यायची न्हाई."

कैलास जमिनीकडे बघत उभा राहिला. निलेश म्हणाला, तो माणूस त्या घरात बोलायचाच नाही. दोन बायांच्या मधे, एक जिवंत आणि एक मेलेली, त्यानं आपली जीभ गिळून टाकलेली.

दारात म्हातारी येऊन उभी राहिलेली कुणाला कळलं नव्हतं. कैलासची आई, भागुबाई.

"हिला नवरा भेटला, घर भेटलं," ती म्हणाली. "आता तिचा ह्यो कॉम्प्युटरचा डबा बी गिळायचाय."

"गिळत न्हाई, आत्याबाई. तिच्या शेजारी बसतेय नुसती."

"शेजारी?" म्हातारी हसली. "पहिलीच्या शेजारी कुनी बसत न्हाई. मागं बसत्यात."

निलेशनं कानाडोळा केला. आपल्याला काय, घरोघरी असतंच. त्यानं डब्याचा बाजूचा पत्रा खोलला. आत जुनी डिस्क होती, जाड लोखंडी विटेसारखी, आत चकती गरगर फिरते तसली. तिच्या वायरला त्यानं हात घातला, तशी म्हातारी ओरडली.

"हात लावू नको! आज आमुशा हाय. मेलेल्या बाईची वस्तू आमुशाला जाग्यावरनं हलवायची न्हाई. तुझी काय ती नवी बसव, पण तिच्या वस्तूची वायर काढायची न्हाई."

इथं विहंगनं तोंड घातलंच. "काका, पण ती काढायलाच हवी! जुनी डिस्क जोडलेली ठेवून दुसरीवर सिस्टीम टाकायची नसते. हे आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं."

"निलेशलाही माहीत होतं," भावजी शांतपणे म्हणाले. "पण समोर म्हातारी, अमावस्या, आणि कैलास म्हणाला, ऱ्हाऊ द्या भाऊ, आईचं ऐका. तू काय केलं असतंस?"

मी निरांजनात तूप घालून आले. भावजी पुढे सांगू लागले.

*

सारिकाच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी एक काळा दोरा होता, आणि दोऱ्यात चांदीचा चपटा टाक. त्यावर बाईची आकृती ठोकलेली. निलेशनं तो लगेच ओळखला. दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. नवा दागिना, नवं भांडं, काहीही असो, आधी टाकाला दाखवायचं, तिच्या नावानं हळदकुंकवाची दोन बोटं लावायची. तिचं झालं की मग आपलं. म्हणजे पहिलीला राग येत नाही.

निलेशनं नवी डिस्क पाकिटातून काढून टेबलावर ठेवली. काळी, चपटी, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. आत काही फिरणारं नाही, आवाज नाही. सारिकानं ती हातात घेतली. सवयीनं तिचा दुसरा हात टाकाकडे गेला... आणि थांबला.

"दाखव तिला," भागुबाई म्हणाली.

"न्हाई."

"सारिका, दाखव."

"वरीसभर सगळं दाखवलं, आत्याबाई. लग्नाचा शालू बी आधी तिला लावला. ही न्हाई दाखवायची. ही माझी एकटीची."

तिनं डिस्क सरळ निलेशच्या हातात दिली. निलेश सांगत होता, त्या क्षणी जुन्या डिस्कमधून एकदा टक् असा आवाज आला. जुन्या डिस्क करतात तसा आवाज. त्यानं लक्ष दिलं नाही.

काम सुरू झालं. पहिल्यांदा नवी डिस्क दिसेचना. त्यानं वायर बदलली, दिसली. मग पडद्यावर आलं, या डिस्कवर सिस्टीम टाकता येत नाही. हेही नेहमीचं. त्यानं डिस्क पुसली, नव्यानं भाग पाडले. फायली चढायला लागल्या. अर्ध्यावर गेल्या आणि थांबल्या. एक फाइल सापडत नाही म्हणे. त्यानं दुसरा पेन ड्राइव्ह लावला. पुन्हा तिथंच थांबलं. अगदी तिथंच.

आणि प्रत्येक वेळी थांबायच्या आधी जुनी डिस्क वाजायची.

टक्... टक्.

आता बघ विहंग, फायली पेन ड्राइव्हवरून नव्या डिस्कवर चालल्या होत्या. जुनीचा त्यात काही संबंध नव्हता. तिनं वाजायचं कारण नव्हतं.

"ती बोलतीय," भागुबाई दारातून म्हणाली. ती तिथंच उंबऱ्यावर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन.

"मावशी, जुनं मशीन आहे, वाजतं," निलेश म्हणाला. "तुम्ही झोपा जाऊन."

"मी झोपते. ती न्हाई झोपायची."

तिसऱ्या खेपेला सगळं चढलं. निलेशला हायसं वाटलं. नाव विचारणारा चौकोन आला तेव्हा तो खुर्चीवरून उठला. "ताई, हे तुम्हीच लिहा."

सारिका बसली. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, तिनं आपलं नाव लिहिलं. सारिका. मग ती नुसती बघत राहिली त्याच्याकडे. निलेश म्हणाला, काका, लग्नपत्रिकेत सुद्धा कुणी आपलं नाव असं बघत नाही.

मशीन बंद होऊन चालू झालं.

स्वागत, रतन.

उंबऱ्यावरून म्हातारीचा आवाज आला, "आली का?"

निलेश मेकॅनिक माणूस. त्यानं विचार केला, जुनीच सिस्टीम चालू झाली असणार. म्हातारीला न विचारता त्यानं जुन्या डिस्कची वायर हळूच काढली आणि पुन्हा चालू केलं. काळा पडदा. चालू करण्यासारखी डिस्कच सापडत नाही, असं पांढऱ्या अक्षरांत. आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो चक्क हसला.

"ताई, घाबरू नका. चूक माझी आहे. जुनी डिस्क जोडलेली होती ना, म्हणून नव्या सिस्टीमनं आपलं दार जुन्या डिस्कवरच बसवलं. घर तुमचं नवं, पण आत जायला त्यांच्या अंगणातून जावं लागतंय. म्हणून जुनी काढली की नवी चालूच होत नाही. आता जुनी पूर्ण बाजूला ठेवतो आणि पहिल्यापासून टाकतो. मग दार तुमच्याच घराला बसेल."

"म्हंजे ती नसली की मी चालायची न्हाई?" सारिकानं विचारलं.

"आत्ता नाही. थोड्या वेळानं चालाल."

"मग काढा तिला."

"आमुशा हाय!" म्हातारी उठून उभी राहिली. "कैलास, सांग तिला. सांग!"

कैलासनं आईकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. काही बोलला नाही.

सारिका पुढं झाली आणि तिनं स्वतःच्या हातानं ती जड डिस्क ओढून बाहेर काढली. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, त्यावर ठेवली. दोन्ही वायरी डब्यात लोंबत राहिल्या. म्हातारी उंबऱ्यावर पुन्हा बसली आणि दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. बाहेर गावातली कुत्री भुंकत होती, ती एकदम थांबली.

निलेशनं पेन ड्राइव्ह लावला. पहिल्यापासून सुरुवात. भाषा निवडली. पुढं... पुढं. डिस्कची यादी यायची होती. आता मशीनमध्ये एकच डिस्क होती. यादीत एकच ओळ यायला हवी.

दोन आल्या.

वरची ओळ... ड्राइव्ह शून्य. तिच्यापुढं नाव. रतन. मोकळी जागा जराही नाही.

खालची... ड्राइव्ह एक. नवी. बिननावाची.

निलेशनं डब्यात पाहिलं. वायरी लोंबत होत्या. त्यानं टेबलाकडे पाहिलं. डिस्क वर्तमानपत्रावर पडली होती. तिला वायर नव्हती. वीज नव्हती. काही नव्हतं.

त्यानं तिच्यावर तळहात ठेवला.

चकती फिरत होती.

*

इथं भावजी थांबले. चैताली माझ्याजवळ सरकली. समोर डोंगरामागं आभाळ उजळल्यासारखं वाटत होतं, पण चंद्र नव्हता. भावजींचा आवाज खाली आला होता, म्हणून आम्हीच पुढं वाकलो.

*

कोमट होती, म्हणाला. माणसाच्या अंगाइतकी.

त्यानं हात काढला. पडद्याकडे बघितलं. खालच्या ओळीवर निळा पट्टा गेला होता. नव्या डिस्कवर. त्यानं माउसला हात लावला नव्हता.

विचारलं होतं... ही डिस्क पुसायची का?

होय.

पुसली गेली.

पुन्हा विचारलं. पुसायची का?

होय.

पुन्हा.

"भाऊ..." सारिका म्हणाली.

त्यानं मागं वळून पाहिलं. तिचा हात गळ्याशी होता. टाकाचा दोरा आधी सैल होता, टाक छातीवर यायचा. आता तो गळ्याच्या खळीत होता. चांदीची आकृती कातडीत रुतली होती.

"घट्ट... होतोय..."

होय.

दोरा आणखी वर सरकला.

निलेशनं दोऱ्यात बोट घालून बघितलं. बोट जाईना. त्यानं मशीनच्या बोर्डाची मुख्य वायर भिंतीतून उपटली. पडदा गेला. दिवा त्याच बोर्डावर होता, तोही गेला. अंधार.

अंधारात चकती फिरत होती. आता जोरात. टेबल थरथरत होतं. आणि त्या आवाजात सारिकाचा श्वास... थोडा. थोडा. मग तोही नाही.

निलेशनं मोबाईलची बॅटरी लावली. सारिका गुडघ्यांवर होती. डोळे उघडे. ओठ काळे पडलेले.

आणि तेव्हा कैलास बोलला.

"रतन."

तीन वर्षांत त्यानं ते नाव उच्चारलं नव्हतं म्हणे.

"रतन, तुझं सगळं तुझं. घर तुझं, खोल्या तुझ्या, डबा तुझा. आई बी तुझीच. हिला सोड. ही माझी हाय."

चकतीचा आवाज चढला.

कैलासनं टेबलावरचा वायर कापायचा कटर उचलला.

"तोडू नको रे!" म्हातारी उंबऱ्यावरून किंचाळली. "बांधलीय तिला त्यात! बांधून ठिवलीय! तोडलास तर सुटंल... कुटं जाईल, कुनाला सांगता यायचं न्हाई..."

कैलासनं कटरचं टोक दोऱ्याखाली घुसवलं. कातडी फाटली. रक्त आलं. सारिकाचं अंग एकदा उसळलं.

कट्.

चकती थांबली.

एकदम. हळू होत होत नाही. एकदम.

सारिकानं श्वास ओढला तो आवाज, निलेश म्हणाला, काका, मी जन्मभर विसरणार नाही. मग तिला खोकला आला, मग रडू. कैलास तिला धरून बसला. म्हातारी आत आली, जमिनीवर चाचपडून तिनं टाक शोधला, पदरात घेतला. जुनी डिस्कही उचलली, मूल उचलावं तशी. आणि कुणाकडेही न बघता देवघराकडे गेली.

कैलासनं बायकोला उठवलं. "चल," एवढंच म्हणाला. अंगावरच्या कपड्यांनिशी, त्याच रात्री, दोघं मोटारसायकलवर बसली. निघताना सारिका निलेशकडे वळली. तिचा आवाज फाटलेला होता.

"भाऊ, नवी डिस्क घ्या. ती हितं ठेवू नका. ती माझी हाय. दुसऱ्या मशीनवर घालून द्या मला."

निलेशनं नवी डिस्क सोडवली. स्वतःच्या हातानं. मोबाईलच्या उजेडात उलटीपालटी करून पाहिली. स्वच्छ होती, काळी, कोरी. ती तिच्या पाकिटात घातली, पाकिटाला चिकटपट्टी लावली, पाकीट पिशवीत, पिशवी छातीशी. आणि गाडी काढली. तळ्यावरचं धुकं रस्त्यावर आलं होतं. त्यानं वलवणपर्यंत मागं पाहिलं नाही. घरी गेल्यावर पिशवी उशाशी घेऊन तो सकाळपर्यंत बसून राहिला. पिशवीला कुणी हात लावला नाही. घरात बाई माणूस नाहीच त्याच्या. आई वारलेली, लग्न व्हायचंय.

सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर कैलास आणि सारिका उभी. रात्र त्यांनी स्टेशनवर काढली होती. कैलासला वलवणला एका ओळखीच्या माणसानं खोली देतो म्हटलं होतं. आता स्वतःचं काहीतरी सुरू करायचं, म्हणाला, दुसऱ्यांच्या बंगल्यांचं बुकिंग घ्यायचं, हिच्या नावानं. माणूस बोलत होता, काका. थांबत नव्हता. इतक्या वर्षांचं साचलेलं बोलत होता.

सारिका बाकावर बसली. गळ्यावर पट्टी बांधलेली. चेहरा सुजलेला. पण हसत होती. निलेशनं तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"आता ह्यात मी एकटीच ना, भाऊ?"

"एकट्याच, ताई. दुसरी डिस्कच नाही जवळ. आता चढवतो, बसा."

तो काउंटरमागं गेला. पिशवीतून पाकीट काढलं. चिकटपट्टी त्यानं लावली होती तशीच होती, कड सुद्धा सुटलेली नव्हती. त्यानं नखानं ती सोडवली. डिस्क तळहातावर घेतली.

"झाली का चालू?" सारिका बाकावरून विचारत होती. "भाऊ? झाली का?"

निलेशनं डिस्क उजेडाकडे धरली.

डिस्कच्या काळ्या पाठीवर बोटांचे दोन ठसे होते. शेजारी-शेजारी, बाईच्या बारीक बोटांचे. एक हळदीचा. एक कुंकवाचा.

हळद वाळली होती. कुंकू ओलं होतं.